गाळलेला प्रश्न

कांद्याची पात मान टाकायला लागली की मी कावरीबावरी होते. खरं तर शेतकरणीला बरं वाटायला हवं. पात पडली म्हणजे कांदा पोसला. आता काढणी, मग काटणी, मग बराखीत, म्हणजे कांदाचाळीत, रचून भावाची वाट बघत बसायचं. पण मला त्या वासाबरोबर परीक्षाच आठवते. वाळती पात, तापलेली ढेकळं आणि गाईडाच्या स्वस्त कागदाचा वास, हे तिन्ही माझ्या नाकात एकत्र जाऊन बसलेत आणि काही केल्या वेगळे होत नाहीत.

यंदा तर कहरच झाला. बाभळीच्या सावलीत काटणीला बसले होते, तर मंदा आली. मंदा म्हणजे माझी शेजारीण, बांधाला बांध लागून तिचं शेत, आणि आमच्या गावची माजी सरपंच. माजी सरपंच मीही आहे. आधी मी, माझ्यानंतर ती. तिच्या एका हातात विळा आणि काखेत पुस्तक. पुस्तक मी लगेच ओळखलं. पंचायत राजचं माझंच जुनं गाईड, पाठीला खाकी पट्टी चिकटवलेलं. मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला यंदा ती बसली आहे.

“तवा मी इचारायचे आन् तू सांगायचीस,” फतकल मारत ती म्हणाली. “आता तू इचार, मी सांगते. आन् सोप्पं सोप्पं नको इचारू.”

मी विचारलं. ग्रामसभेचं महत्त्व, पंचायत समितीची रचना, सगळं तिनं धडाधडा सांगितलं, हातातला विळा न थांबवता. पुढचा प्रश्न मी नुसता पाहिला आणि पान उलटलं. ‘सरपंचाचा कार्यकाल व पदमुक्ती यांची सविस्तर चर्चा करा. राजीनाम्याची तरतूद स्पष्ट करा.’ तो मी गाळला. मंदानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा कांदा उचलला.

काटणी करताना आमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असेल असं पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं. तसं काही नसतं. वाळल्या पातीचा कांदा झोंबत नाही, नुसती पात छाटायची असते. हात आपले चालू राहतात आणि डोकं मोकळं असतं. तेच वाईट. मोकळं डोकं नको तिथं जातं.

तर तो उन्हाळा. मी सरपंच होते आणि बी.ए.चा माझा एकच पेपर राहिला होता, नेमका पंचायत राजचा. भेटेल तो म्हणायचा, हिच्या तर हातचा मळ आहे, सरपंचबाईनं सरपंचावर निबंध लिहायचा. अहो, पण अवघड तेच होतं! गाईडातला सरपंच आणि मी, आमची कुठं गाठच पडत नव्हती. गाईडातला सरपंच सभा बोलावत होता, ठराव मांडत होता, अंमलबजावणीवर देखरेख करत होता. मी सभेला जायचे तेव्हा ठराव आदल्या संध्याकाळी डेअरीवर दूध घालता घालता ठरलेला असायचा. मी पदर सावरून खुर्चीत बसायचे आणि चहा आला की सगळ्यांना पुरेल ना, हे नजरेनंच बघून घ्यायचे. सवय, दुसरं काय.

आमचं गाव राजुरीच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत. उसात बिबट्या असतो, म्हणून दिवे लागायच्या आत सगळ्यांनी घरात. त्यामुळे माझा अभ्यास भरउन्हात, शेतातच व्हायचा. आणि अभ्यास म्हणजे काय, तर आधी प्रश्नांचीच भाषा कळेना. एकीकडे ‘स्पष्ट करा’, दुसरीकडे ‘विशद करा’, तिसरीकडे ‘मूल्यमापन करा’. डोक्याचा नुसता भुगा. रविवारी ओतूरच्या अभ्यासकेंद्रात तास असायचे, तिथल्या सरांना एकदा धीर करून विचारलं, “सर, विशद आणि स्पष्ट यात फरक काय?”

सर चांगले होते, तरुण आणि कायम घाईतले. म्हणाले, “फरक असा काही नाही ताई. प्रस्तावना, मुद्दे, समारोप. मुद्द्यांखाली रेघ मारा म्हणजे झालं.”

“आणि चर्चा करा म्हटलं असलं तर?”

“दोन्ही बाजू लिहायच्या. समारोपात मधला मार्ग काढायचा.”

“आणि मी स्वतः सरपंच आहे, ते लिहू का त्यात?”

सरांना हसू आलं. “नका लिहू ताई. परीक्षकाला काय करायचंय ते?”

एस.टी.त बसून घरी येताना मी खिडकीतून द्राक्षाच्या बागा बघत होते आणि मनात म्हणत होते, बरंय बाई. ज्या गोष्टीनं माझी झोप उडवलीय तेवढीच लिहायची नाही, बाकी सगळं लिहायचं.

झोप कशानं उडाली होती ते सांगते. आमच्या गावात निवडणूक लागली तरी मतदान होत नाही, सगळं बिनविरोध, आणि गावाला त्याचा लई अभिमान. त्या खेपेला सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. आम्ही तीन बायका सदस्य, आणि तिन्ही घरांना पद हवं. मग खंडोबाच्या देवळात बैठक बसली आणि पाच वर्षांचे तीन वाटे पडले. आधी मी, मग मंदा, मग वेशीजवळच्या घरची सून. आपली पाळी सरली की राजीनामा द्यायचा आणि दुसरीला बसवायचं. शब्द पक्का व्हावा म्हणून तिन्ही घरच्या पुरुषांनी भंडारा उचलला. देवापुढची हळद मुठीत धरून दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. कोर्टात खोटं बोलतील, भंडाऱ्यावर बोलणार नाहीत. आणि आम्ही तिघी कुठं होतो? देवळाच्या पायऱ्यांवर. आतलं आम्हाला नीट ऐकूही आलं नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, “झालं तुझं.” मी म्हटलं, “काय झालं?” तर म्हणाले, “सरपंच झालीस.”

माझी पाळी त्याच उन्हाळ्यात संपत होती. यात्रा झाली तसे पंच येता-जाता आठवण करायला लागले. “वैनी, कागद तयार करून ठेवा बरं का.” मी हसून मान हलवायची आणि आत येऊन गाईड उघडायची. गाईडात लिहिलेलं, कार्यकाल पाच वर्षे. एका बाजूला कायदा, दुसऱ्या बाजूला भंडारा, आणि मधे मी विळा घेऊन कांदे काटत बसलेली.

पद सोडवत नव्हतं म्हणून हे सगळं, असं कुणी म्हणेल. थोडं तसंही असेल, नाही कशाला म्हणू? खुर्ची आवडायला लागली होती मला. पण त्याहून मोठी गोष्ट होती ठाकरवाडीची. ही आमच्याच गावची वाडी, पण वर टेकाडावर. सरपंच झाल्यावर पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा एका म्हातारीनं मला तांब्याभर पाणी दिलं. तहान लागली होती, मी घटाघटा सगळं प्याले. मग बाहेर पाहिलं तर खालच्या विहिरीवरून बाया डोक्यावर हंडे घेऊन चढण चढत होत्या, आणि त्यातली एक त्या म्हातारीचीच सून होती. मला इतकी लाज वाटली! मी म्हातारीचा हात धरून म्हटलं, “आजी, माझ्या हातून नळ येईल इथं.” तो माझा शब्द. त्याला ना भंडारा ना पंच, पण तोंड माझं होतं.

पाण्याची योजना मंजूर झाली, पण लाइन आधी कुठं न्यायची यावर घोडं अडलं. गावातल्या वजनदार मंडळींना ती मोठ्या रस्त्याकडेच्या प्लॉटांना हवी होती, आणि त्यातले बरेच प्लॉट मंदाच्या सासऱ्यांचे. मी उठले आणि मंदा बसली की लाइन वळणार, हे मला लख्ख दिसत होतं. मंदाचा मला राग नव्हता. घरच्यांपुढं तिचं काय चालणार होतं? माझं तरी कुठं चालत होतं?

ह्यांना एकदा विचारलंच. हे गोठ्यात धार काढत होते.

“भंडारा मी उचलला न्हवता.”

“मी उचलला म्हंजी तूच उचलला की.”

“मग सरपंच बी तुमीच व्हा.”

धारेचा आवाज थांबला. मला वाटलं आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मला कडाकडा भांडता आलं असतं. पण हे खाली बघूनच म्हणाले, “शोभा, वाडीचं पाणी मलाबी कळतं. पर माझा शब्द कंदी मागं गेला न्हाई. उद्या देवळात कंच्या तोंडानं जाऊ?” आणि पुन्हा धार सुरू झाली. ह्या माणसाचा शब्द मागं जात नाही, म्हणून तर आमचा संसार सुखाचा झाला. ज्या गुणावर जीव टाकला, तोच आता आडवा पडला होता.

अभ्यासकेंद्रात माझ्या बाकावर कमल बसायची. ती आहुप्याची, तिकडे अंगणवाडी सेविका, परीक्षेपुरती ओतूरला बहिणीकडे राहिलेली. तिला मी सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं. तिनं ऐकून घेतलं आणि तिच्या गावच्या देवराईचं काढलं. म्हणाली, “आमच्या राईतलं वाळकं लाकूड बी कुणी घरी नेत नाय. पावसात चूल पेटंना झाली तरी नाय. राखण कुणी करीत नाय, देवाचं हाय म्हणून ऱ्हायलंय.”

“म्हणजे शब्द मोडू नये म्हणतेस?”

“नाय मोडू. येकानं काडी नेली तर दुसरा फांदी नेईल.” मग तिचं तिलाच काही वाटलं असावं. पाण्याची बाटली उघडत म्हणाली, “पर आमचं समद्यांनी मिळून ठरलेलं असंल ते कधीकाळी. तुझं तसं नाय झालं, ते बी खरंच.” आणि मला जास्तच बुचकळ्यात टाकून ती सरांच्या रेघा वहीत उतरवायला लागली.

मंदाचं आणि माझं तेव्हा सावडीनं काम चालायचं, म्हणजे तिच्या शेतात मी, माझ्या शेतात ती. दुपारी सगळ्या पाठ टेकायच्या तेव्हा ती माझं गाईड उचलायची आणि ओळीखाली बोट धरून मला प्रश्न विचारायची. बारावी झाली होती तिची, पण पुस्तक हातातून सुटून बरीच वर्षं झालेली. एक दिवस बोट त्या प्रश्नावर आलं. मी उठून बसले. तिचा आवाज मात्र साधाच होता.

“राजीनामा कुणाकडं द्यायचा?”

“पंचायत समितीच्या सभापतींकडं.”

“कसा?”

“लेखी. स्वेच्छेनं.”

“आन् न्हाईच दिला तर?”

“हे पुस्तकात आहे?”

“न्हाई. मी इचारतीया.”

मला वाटलं, घाबरली. मी पद सोडणार नाही अशी हिला धास्ती आहे. सरपंचपदाच्या पहिल्या दिवसासाठी तिनं मोरपंखी साडी घेऊन ठेवली होती, मला मोठ्या कौतुकानं दाखवलीही होती. ती साडी डोळ्यांपुढं आली आणि माझा जीव कसनुसा झाला. मी म्हटलं, “नाही दिला तर पाच वर्षं, आणखी काय.” तिनं पुस्तकातून मान वर केली. “पाच वर्षं,” असं एकदा स्वतःशीच म्हणाली आणि पुढचा प्रश्न विचारला.

पेपरात तोच प्रश्न आला. डोक्यावर पंखा कुरकुरत होता, हाताच्या घामानं कागद ओला होत होता, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी हुश्श केलं, कारण तो हमखास येणारच होता. मीही लिहायला लागले. प्रस्तावना झाली, मुद्दे झाले, त्यांच्याखाली रेघा झाल्या. ‘राजीनामा हा सरपंचाने स्वेच्छेने, कोणत्याही दबावाशिवाय दिलेला असावा.’ इथं पेन थांबलं. मला वाटलं, खाली सगळं लिहून टाकावं. पायऱ्या, हळद, म्हातारीचा तांब्या, ह्यांची खाली घातलेली मान. दोन्ही बाजू माझ्याकडे भरपूर होत्या की! मधला मार्गच काय तो नव्हता. शेवटी गाईडातला समारोप जसाच्या तसा उतरवला आणि पुरवणीला दोरा बांधला. बाहेर कमल उसाचा रस पीत उभी होती. मला बघून ओरडली, “आला की गं तुझाच प्रश्न!” मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मीही रस घेतला.

मग जुन्नरला जाऊन राजीनामा दिला. हे सोबत होते. तिथल्या माणसानं कागदावरून नजर न काढता विचारलं, “स्वेच्छेनं ना?” मी म्हटलं, “हो.” येताना ह्यांनी मला बाजारात आंबे घेऊन दिले, न मागता. निकाल लागला तेव्हा त्या पेपरात मला सगळ्यांत चांगले गुण होते. आता ते राज्यशास्त्र म्हणायचं की काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

पण खरा पेपर पुढं होता, आणि तो मंदानं लिहिला. मोरपंखी साडी नेसून खुर्चीत बसली, आणि थोड्याच दिवसांत लाइन ठाकरवाडीला आधी न्यायची म्हणून हटून बसली. सासऱ्यांनी बोलणं टाकलं. नवरा ताटावरून उठून जायचा. ती म्हणायची, “जेवा न्हाईतर ऱ्हावा, सरपंच मी हाय.” नळ आला. मी बघायला गेले तर म्हातारी नळाखाली हात धरून नुसती उभी होती, हंडा लावायचं भानच नव्हतं तिला. मला बघून म्हणाली, “आलं गं बाय तुझं पाणी.” माझं कुठलं, मी म्हटलं. मंदाचं.

मग मंदाची पाळी सरली. पंच तिच्या ओट्यावर जाऊन बसले. मी भिंतीआडून कान देऊन होते, खोटं कशाला बोलू. ती बाहेर आली आणि म्हणाली, “भंडारा ज्यानं उचलला त्यानं द्यावा राजीनामा. मालक घरातच हायेत, बोलावू का?” अगं आई गं! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि त्याच क्षणी तिचा गळा धरावासा वाटला. एवढं सोपं होतं? मग मला का नाही सुचलं? प्रश्नाचं उत्तर माझं, पाठांतर माझं, आणि पाच वर्षांतली उरलेली हिची!

ती उठली नाही, शेवटपर्यंत. फुकट मात्र गेलं नाही ते. यात्रेत तिच्या घरचा नारळ सगळ्यांत शेवटी फुटायला लागला. वेशीजवळची सून, जिची तिसरी पाळी बुडाली, ती अजून आम्हा दोघींशी बोलत नाही, आणि तिचा तरी काय दोष होता? गावाचं बिनविरोधही मोडलं. आता मतदान होतं आणि भाऊबंद एकमेकांच्या दारात जात नाहीत. अशा वेळी मला कमलची काडी आठवते. हे देवळाची पायरी ताठ मानेनं चढतात, तेव्हा मी बरोबर केलं असं वाटतं. वाडीत कुणी नळ सोडला की मंदानं बरोबर केलं असं वाटतं. दोन्ही कसं बरोबर असेल? इतकी वर्षं चर्चा करतेय मी एकटीच, आणि समारोप काही सापडत नाही.

सावली सरकली तशा आम्हीही सरकलो. कांद्याचा ढीग निम्म्यावर आला होता. मंदानं विळ्याच्या टोकानं पुस्तक दाखवलं.

“त्यो येक ऱ्हायला की. पान उलटलंस तू मगाशी. इचार.”

मी विचारला. तिनं सांगितलं, कार्यकाल, पदमुक्तीची कारणं, सभापती, लेखी, सगळं क्रमानं. ‘स्वेच्छेने’ म्हणाली आणि थांबली. विळा खाली ठेवला.

“शोभा, येक इचारू का? परीक्षेचं न्हाई.”

“विचार.”

“तवा तुझी इच्छा काय व्हती गं?”

ह्यांनी मला शब्दाचं विचारलं होतं. पंचांनी कागदाचं विचारलं होतं. सरांनी मुद्द्यांचं, जुन्नरच्या त्या माणसानं हो की नाही एवढंच. हे मात्र त्या अख्ख्या उन्हाळ्यात कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःही नाही. मी पदरानं डोळे पुसायला लागले, आणि कांद्याचं नाव सांगायची सोय नव्हती. मंदाला काही घाई नव्हती.

“राहायचं व्हतं गं मला.”